आधी रेडिओ लाव

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनीच तसं बजावून ठेवलंय. "लिहायचं तर लिही, सदीक," ते म्हणाले होते. "नाही लिहिलंस तरी सांगत सुटणारच आहेस. पण नाव नको. नाव निघालं की माणूस सापडतो."

सदीक म्हणजे मित्र. मस्कतमध्ये भाजीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत जो तो दुसऱ्याला सदीक म्हणतो. हे मात्र म्हणण्याआधी एकदा मागे वळून बघायचे.

वास्तविक त्यांना शोधत येईल असं आता कोणी उरलेलं नाही. ज्या राज्याला ते घाबरायचे ते आमची पिढी शाळेत असतानाच बुडालं. ते अल्बानियाचे. पहिल्या भेटीत त्यांनी देशाचं नाव सांगितलं तेव्हा मी "वा, वा, सुंदर देश" असं म्हणून घरी आलो आणि मुलीच्या नकाशात आफ्रिका धुंडाळत बसलो. तो निघाला युरोपात, ग्रीसला खेटून, आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा. तिथे साम्यवादी राज्य होतं, आणि ते राज्य आधी शेजाऱ्याशी भांडलं, मग रशियाशी भांडलं, मग चीनशीही भांडलं. बोलायला जगात कोणी उरेना तेव्हा दारं लावून घेतली आणि घरातल्यांवर नजर ठेवत बसलं. हे ऐकून माझी बायको म्हणाली, "तुमच्या डोंबिवलीच्या आत्याबाईंसारखं झालं हे." मी हसलो. पुढे त्यांच्या तोंडून जे जे ऐकलं, त्यानंतर आत्याबाईंची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मी रुसैलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत स्टोअर सांभाळतो. खाणीतून क्रोमचे दगड येतात, ते दळून त्यांत क्रोम किती आहे याचा दाखला आम्ही देतो आणि त्या दाखल्यावर पुढे जहाज भरतं. दळणखात्याचे प्रमुख ते. राहायचेही वादी अदाईत आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर. त्यामुळे रोज सकाळी माझ्या गाडीत पुढे ते आणि मागच्या सीटवर त्यांच्याच खात्यातला मुश्ताक, रत्नागिरीकडचा, अशी आमची वरात रुसैलला निघायची. मुश्ताक त्यांना चाचा म्हणायचा, मी साहेब. आमच्या तिघांचं बोलणं मोडक्या हिंदी-इंग्रजीत चालायचं.

गाडीत बसले की पट्टा बांधायच्या आधी साहेब रेडिओ लावायचे. आवाज मोठा. अरबी बातम्या असोत की गाणी, आमच्यापैकी कोणाला त्यातलं फारसं कळत नसे. पण रेडिओ सुरू झाल्याशिवाय त्यांचं तोंड उघडत नसे, आणि उघडून बोलायचं तरी काय?

"काल वांगी चांगली मिळाली."

"साहेब, वांग्यासाठी रेडिओ कशाला?"

"आज वांगी विचारतात. उद्या विचारतात, कोणाकडून मिळाली."

आमच्या घरी आले की बेसिनचा नळ किंचित सोडून मग खुर्चीत बसायचे. बायको पाण्याच्या बिलाकडे बघून दात आवळायची. शेवटी तिने तोडगा काढला. ते जिना उतरताना दिसले की ती मिक्सर लावायची. वरण, चटणी, काहीच नसलं तर नुसते शेंगदाणे. साहेब प्रसन्न व्हायचे. "मदामना कळतं," म्हणायचे. त्या वर्षी आमच्याकडे दाण्याचं कूट इतकं झालं की आम्ही बिल्डिंगभर वाटलं.

कोणाबद्दल बोलताना नाव घ्यायचं नाही हा त्यांचा दुसरा नियम. मॅनेजर म्हणजे "उंच माणूस", मुश्ताक म्हणजे "मागे बसणारा", मी म्हणजे "बोलणारा". हे शेवटचं मला एकदा मुश्ताककडून कळलं आणि मी दोन दिवस गप्प राहून पाहिलं. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" माझ्या घरी माझी ख्याती अशी आहे की मी दूध आणायला गेलो की दुधाची गोष्ट परत येते आणि दूध तिथेच राहतं. लेक तर मी "त्याचं काय झालं" म्हटलं की हेडफोन चढवते.

रमजानात इथे दिवसा उघड्यावर खात नाहीत. ऑफिसातल्या पँट्रीला पडदा लागतो आणि रोजा नसलेले आम्ही त्याच्या आड डबे उघडतो. साहेब जन्माने मुसलमान, पण त्यांच्या सरकारने देव ही वस्तूच बेकायदा ठरवलेली, तेव्हा तेही आमच्यात बसायचे. एकदा माझ्या डब्यातली पोळी मोडताना म्हणाले, "माझी आजी पडद्यामागे उपास करायची. मी पडद्यामागे जेवतो. पडदा तोच आहे, सदीक." मग पडद्याबाहेर डोकावून त्यांनी पुढचं सांगितलं. रमजान आला की त्यांच्या शाळेत बाई गोड गोळ्या वाटायच्या. जो गोळी खाणार नाही त्याच्या घरी उपास, आणि ज्याच्या घरी उपास त्याच्या घरी गुन्हा. आजी त्यांना शिकवायची: दोन घे, आणि हसत खा.

आमचे हिशेबनीस केरळचे, घरात आजोबांपासून लाल झेंडा. ते साहेबांना मोठ्या प्रेमाने 'कॉम्रेड' म्हणायचे आणि तो शब्द कानावर पडला की साहेबांच्या हातातला चमचा थांबायचा. "पण शाळा होत्या ना तुमच्याकडे? दवाखाने होते ना?" हिशेबनिसांनी एकदा छेडलं. मला वाटलं आता भडकतील. ते म्हणाले, "होते. मला अक्षर त्यांनी शिकवलं. आजीला डॉक्टर त्यांनी दिला. म्हणून तर बोलणं अवघड आहे." हिशेबनिसांनी त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला.

माझ्या लेकीला इथल्या शाळेत इंग्रजीत 'माझे शेजारी' असा काहीसा निबंध आला होता. ती बिचारी मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून त्यांच्यासमोर बसली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला: तुम्ही लहानपणी कुठे राहत होता? साहेब उभे राहिले. कप खाली ठेवायलाही विसरले, तसेच कपासकट जिना चढून गेले. मुलगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी कप परत द्यायला आले तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता, झोप नसल्यासारखा. "तिने काय लिहिलं?" त्यांनी मला हळूच विचारलं. मिक्सर चालू होता.

लेकीने वही पुढे केली. "बाबा, मी त्यांना गोव्याचे रिटायर्ड डेंटिस्ट केलं," तिने अडखळत मराठीत सांगितलं. "इट्स सेफर."

त्यांनी निबंध दोनदा वाचला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, "ही मुलगी आमच्याकडे जगली असती."

हे कौतुक ऐकून माझ्या अंगावर काटा का आला ते तेव्हा नीट कळलं नाही.

तर आता ऑफिसातल्या त्या गोल बैठकीकडे येतो. (बायको वाचताना इथे म्हणाली, "आलात एकदाचे.")

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे नवे मॅनेजर आले. दुर्दैवाने आपल्या पुण्याचेच. मनुष्य दुष्ट नव्हता. कोर्स करून आला होता. आणि ते येऊन दीड-दोन महिने होतात तोच एका गिऱ्हाइकाची तक्रार आली: तुमच्या दाखल्यात क्रोम जास्त दाखवलंय, आमच्या बंदरात तपासलं तर कमी भरतंय. माल जहाजातून उतरलेला. मुख्य कचेरीतून रोज फोन. चूक कोणाची ते नाव कळवा.

चूक कशी झाली असेल ते दळणखात्यातल्या कोणालाही सांगता आलं असतं. आपल्याकडे बायका उपासाची भाजणी गिरणीत नेतात तेव्हा विचारतात ना, आधी कोणाचं दळण होतं? तसंच हे. एक नमुना दळला की त्याची भुकटी भांड्याला चिकटून राहते. म्हणून मध्ये पांढरी स्वच्छ वाळू दळून टाकून द्यायची, मग पुढचा नमुना. ती वाळू गाळली, म्हणजे मध्ये घातलीच नाही, तर आधीच्या उत्तम दगडाचं पीठ पुढच्या सामान्य दगडात मिसळतं आणि दाखला फुगतो.

त्या संध्याकाळी रुसैलहून परत येताना मागच्या सीटवरून मुश्ताकचा आवाज आला. "भाऊ, गाडी जरा बाजूला घ्या."

मला वाटलं उलटी होतेय. मी गाडी कडेला घेतली. तो म्हणाला, "ती वाळू मीच गाळली. त्या दिवशी नमुन्यांचा ढीग होता. नवे मॅनेजर घड्याळ धरून डोक्यावर उभे. यल्ला मुश्ताक, यल्ला. चाचा पण नव्हते. एकदाच गाळली, भाऊ. कसम."

चाचा नव्हते हे मला माहीत होतं. त्या दिवशी जेवणानंतर मीच त्यांना बौशरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो.

साहेबांनी रेडिओचा आवाज आणखी वाढवला. "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"तुम्हा दोघांनाच."

"म्हणजे कोणालाच नाही."

"पण चाचा, उद्या मीटिंग आहे. मॅनेजर बोलले, जो खरं बोलेल त्याला काय पण होणार नाय. मी उद्या सांगून टाकतो."

साहेब पूर्ण मागे वळले. मी त्यांना इतकं भ्यालेलं पाहिलं नव्हतं. "काय म्हणाला तो? नेमके शब्द सांग."

नेमके शब्द मला ठाऊक होते, कारण नोटीस मीच लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी टेबलाशिवाय गोल करून बसायचं. प्रत्येकाने स्वतःचा एक दोष सांगायचा आणि सहकाऱ्यात दिसलेला एक दोष सांगायचा. ही सुरक्षित जागा आहे. इथे कोणालाही शिक्षा होणार नाही.

साहेब पुन्हा पुढे वळून बसले. बाजूने ट्रक गेला की गाडी हलायची. मग ते हसले, पण ते हसणं मला नको होतं. "मला वाटलं होतं मी लांब आलोय," ते म्हणाले.

अल्बानियात ते ज्या खाणीत कामाला होते तिथे अशा बैठका वारंवार व्हायच्या. गोल नाही, रांगेत. प्रत्येकाने उठून स्वतःवर टीका करायची, मग इतरांनी त्यात भर घालायची. शिक्षा नाही असं तिथेही आधी सांगायचे. न बोलणारा सगळ्यांत आधी संपायचा, सगळं खरं सांगणारा त्याच्यानंतर. मधले जे टिकले त्यांची एक कला होती, आणि ती त्यांनी आम्हाला त्या गाडीत, रेडिओवरच्या कुठल्याशा लग्नाच्या गाण्याच्या आवाजात शिकवली.

"दोष खरा सांगायचा, पण लहान. आणि लांब. इतका लांब की ऐकणाऱ्याला मोठा दोष विचारायला त्राण उरू नये. दुसऱ्याचा दोष मागितला तर जो तिथे नाही त्याचा सांगायचा. मेलेला असेल तर उत्तम."

"माझ्यात लहान दोष कुठले?" मी विचारलं.

"तू लांब बोलतोस," ते म्हणाले. "तुला शिकवायची गरज नाही."

मुश्ताक हसला नाही. "खोटं कसं बोलू चाचा? चूक माझीच आहे."

"बायको कधी आली तुझी?"

"तुम्हाला माहिताय. आत्ताच तर आली." कित्येक वर्षं वाट बघून त्याला फॅमिली व्हिसा मिळाला होता. आमच्या पुढच्याच गल्लीत खोली घेतली होती. मुलगी भिंत धरून चालायला लागली होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की तिघंही गेले. इथे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा साहेबांनी ट्रकची गोष्ट सांगितली. ते शाळकरी असताना त्यांचा काका समुद्रात पोहत ग्रीसकडे निघून गेला. पोचला की बुडाला, कधीच कळलं नाही. पण सकाळी ट्रक दाराशी आला. आजी, आई, वडील, ते स्वतः, बहीण, भांडी, गादी, सगळं वर. एकजण पळाला म्हणून बाकीचे सगळे एका ओसाड गावात. घरातल्या फोटोंतून काकाचा चेहरा आईने आधीच कात्रीने कापून काढला होता. त्याचं नाव त्यानंतर घरात कोणी घेतलं नाही.

"आमच्या गल्लीत सगळी माणसं घरी होती," ते म्हणाले. "रविवार होता. मी ट्रकमधून बघत होतो. सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. आणि पडदे हलत होते."

मी गाडी पुन्हा हायवेवर घेतली. रेडिओ तेवढा चालू होता.

सकाळी आम्ही गोलात बसलो. टेबल नसलं की माणसाला आपले हात कुठे ठेवायचे कळत नाही. मॅनेजर प्रेमळ हसले, म्हणाले, इथे मी तुमचा मॅनेजर नाही, मित्र आहे. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सुरुवात हिशेबनिसांनी केली: मला राग लवकर येतो. मग रिसेप्शनवरची मुलगी: मी पाणी कमी पिते. सगळे हसले, वातावरण सैल झालं, आणि मी बघितलं, मुश्ताकचे डोळे भरून आले होते. ते हसणं बघून त्याचा विश्वास बसला होता. तो खुर्चीच्या कडेला सरकला. "सर," तो म्हणाला, "सर, ते जहाजाचं—"

साहेब उभे राहिले.

नुसते उभे नाही राहिले. कोटाचं बटण लावलं, टोपी काढून छातीशी धरली, मान किंचित खाली. ही उभं राहायची पद्धत रुसैलमध्ये कोणी बघितलेली नव्हती. आणि मग त्यांनी एका लयीत, कुठेही न अडखळता, स्वतःवर टीका सुरू केली. आपण उर्मट आहोत. तरुणांना शिकवताना आपली जीभ कडू होते. पँट्रीतला मोठा चमचा आपण आपलाच समजतो. आणि या सगळ्याच्या मुळाशी गर्व आहे, म्हाताऱ्या कामगाराचा गर्व. त्या गर्वातून आपण त्या दुपारी हाताखालच्या माणसाला सांगितलं की एवढ्या गर्दीत मधली वाळू गाळली तरी चालते. जहाजाच्या नमुन्याची चूक आपल्या हुकमातून झाली. ज्याने दळलं त्याने फक्त ऐकलं. तो नमुना पुन्हा दळून बरोबर दाखला आजच गिऱ्हाइकाला जावा, ही आपली विनंती.

मुश्ताक म्हणाला, "नाही सर, चाचा—" आणि साहेबांनी त्याच्याकडे न बघता फक्त तळहात खाली केला. तो पुन्हा खुर्चीत मागे सरकला.

मॅनेजरच्या चेहऱ्यावरून मित्र निघून गेला. "एक मिनिट," ते म्हणाले. "त्या दिवशी दुपारी मी दळणखात्यात उभा होतो. तुम्ही मला दिसला नाहीत." आणि मग माझ्याकडे वळून, थेट मराठीत: "हे तुमच्याच गाडीतून येतात-जातात ना? त्या दिवशी हे होते कुठे?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी 'होते' म्हणालो असतो तर खोटं, 'नव्हते' म्हणालो असतो तर मुश्ताक संपला. साहेब अजून तसेच उभे, टोपी छातीशी. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला लहान उत्तर मागत होतं.

"सर," मी म्हणालो, "त्याचं काय झालं..."

आणि मी सुटलो. त्या दिवशी सकाळी आमचा गीझर बंद पडला होता, तिथून सुरुवात केली. गीझरवाला सदीक पाकिस्तानी, त्याचा भाऊ सोहारला, त्याला मेहुण्याने फसवलं. त्यामुळे माझी अंघोळ उशिरा, त्यामुळे डबा उशिरा, डब्यात पडवळ. पडवळ बघून मला माझ्या वडिलांची आठवण झाली, कारण त्यांना पडवळ आवडत नसे, आणि त्यांच्यात एक दोष होता, सर, ते कधीच वेळेवर निघायचे नाहीत. (वडील वारलेत. नियमात बसत होते.) मग वादी अदाईच्या गोल चौकात टायर. मग जॅक. जॅक हिशेबनिसांकडे होता. हिशेबनिसांनी लगेच "यस, यस, जॅक" म्हणून त्या जॅकचा इतिहास सांगायला घेतला. ते माझ्याहून लांब बोलू शकतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मॅनेजरनी दोनदा घड्याळ बघितलं. एकदा म्हणाले, "मुद्द्यावर या." मी म्हणालो, "मुद्द्यावरच येतोय सर, म्हणजे टायर बदलला, पण नट..."

त्यांचा फोन वाजला. मुख्य कचेरी. त्यांनी कपाळ चोळलं. त्यांना सत्य नको होतं, नाव हवं होतं, आणि नाव समोर टोपी काढून उभं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "खलास. जबाबदारी प्रमुखाची. सगळ्यांनी कामाला जा."

मुश्ताकला ताकीद मिळाली. साहेबांचं वय झालंच होतं, करार दरवर्षी वाढवून घ्यावा लागायचा. तो वाढवला नाही. नमुना मात्र त्यांनी त्याच दिवशी मुश्ताकला शेजारी बसवून पुन्हा दळून घेतला, मध्ये वाळू घालून, आणि बरोबर दाखला गेला. "चूक दुरुस्त करायची असते," ते म्हणाले. "माणूस कशाला दुरुस्त करायचा?"

संध्याकाळी गाडीत मुश्ताक ढसाढसा रडला. "चाचा, माझी चूक तुम्ही कशाला घेतली?"

"घेतली ना? आता माझी आहे. नीट सांभाळीन." मग रेडिओच्या आवाजाखालून म्हणाले, "तिकडे एकाला पाठवायचे तेव्हा आजीलासुद्धा ट्रकमध्ये घालायचे. इथे तिकीट एकट्याचंच निघतं. ही प्रगती आहे, सदीक."

जायच्या आदल्या दिवशी ते खाली आले. बायकोने मिक्सर लावला. "उद्या दुपारी तू एकटा गाडी काढ," ते म्हणाले. "मदामनी खाली यायचं नाही. मागे बसणाऱ्याने गल्लीत दिसायचं नाही. पडदे ओढून घ्या. जाणाऱ्याला पोचवायला जो येतो, त्याचं नाव लिहून घेतात."

"कोण लिहून घेणार, साहेब? वॉचमन तर दिवसभर गाड्या धूत असतो."

"पडदे ओढून घ्या," ते पुन्हा म्हणाले.

मी हो म्हटलं आणि चूक केली ती एवढीच, की हे सगळं बायकोसमोर बोललो. मिक्सर तिने केव्हाच बंद केला होता.

शुक्रवारची दुपार. वादी अदाईतला डोंगर तापून पांढरा दिसत होता. साहेब एक सूटकेस घेऊन जिन्यातून बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. गाडीपाशी मुश्ताक उभा होता, कडेवर मुलगी. त्याची बायको डोक्यावरची ओढणी सावरत, हातात डबा. माझी बायको, तिच्या हातात दाण्याच्या कुटाचे लाडू. माझी लेक. हिशेबनीस बौशरहून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आत जा," साहेब म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, कुठल्यातरी शाळकरी मुलाचा होता. "सगळे आत जा. लवकर."

कोणी हललं नाही. मुश्ताकने मुलीला खाली ठेवलं. ती दोन पावलं टाकून पडणार होती, तेवढ्यात तिने साहेबांची पँट धरली. त्यांनी खाली बघितलं. मग मान वर करून बिल्डिंगकडे बघितलं. बायकोने एकही घर सोडलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचे इजिप्तचे मास्तर गॅलरीत होते. बंगाली कुटुंब होतं. आमचं कूट संपवायला ज्यांचा आम्ही जीव काढला होता ते सगळे शेजारी होते. साहेबांची नजर एकेका खिडकीवर थांबत वर चालली, आणि एकही पडदा ओढलेला नव्हता.

त्यांनी टोपी काढली. या वेळी छातीशी धरली नाही, वर करून हलवली.

लेक माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, डेंटिस्ट रडतायत."

गाडी सुरू केली तसा माझा हात सवयीने रेडिओकडे गेला. त्यांनी तो मनगटाशी धरून बाजूला ठेवला. हायवेला लागेपर्यंत इंजिनाचाच काय तो आवाज. बौशरच्या पुढे त्यांनी काच खाली केली, गरम वारा आत आला, आणि त्या वाऱ्यात त्यांनी एक नाव घेतलं. मला वाटलं माझ्याशी बोलतायत. त्यांनी ते पुन्हा घेतलं, मोठ्याने. त्यांच्या काकाचं. तेही मी इथे लिहीत नाही.

मग त्यांनी पट्टा बांधला.

"आता तू बोल," ते म्हणाले. "कोणाबद्दलही. मोठ्याने."

आणि दूध आणायला जाऊन गोष्ट घेऊन येणारा मी, विमानतळाचा फाटा येईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.